चौदाव्या दिवशी बाळाची शी बघा

महोदय,

माझी नात आषाढात जन्मली. वजन पावणेतीन किलो, रडणं खणखणीत, अंगावर पिणं भरपूर. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. नव्या बाळाला कावीळ होते आणि कोवळं ऊन दाखवलं की उतरते, हे आमच्याकडे सगळ्याच बायका सांगतात. पण राजापुरात त्या वर्षी आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप दिसली नाही. ‘उघडीप होऊ दे, मग उतरेल,’ असं म्हणत आम्ही थांबलो. थांबायला कारण मिळालं, हेच आमचं वाईट झालं.

तिची लंगोटं-दुपटी मीच धुवायची. शी पिवळी नव्हती. तांदळाचं पीठ भिजवावं तशी फिकी होती. लघवीचा मात्र कापडावर हळदीसारखा डाग पडायचा. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते हे मला ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही. आईच्या पथ्याच्या जेवणामुळे असेल, अशी मनाची समजूत घातली. पाचव्या आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे टॉनिक मिळालं. मग शेजारच्या गावातून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणलं. नवव्या आठवड्यात रत्नागिरीच्या एका बालरोगतज्ज्ञांनी दुपट्यावरची शी स्वतः पाहिली, रक्त तपासलं आणि त्याच रात्री आम्हाला मुंबईची गाडी धरायला लावली.

आजाराचं नाव बिलिअरी अॅट्रेशिया. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळ्या बंद होतात. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून शीला रंग येत नाही. ते यकृतातच साचतं आणि यकृत कडक होत जातं. यावर कासाई नावाच्या जपानी शल्यविशारदांनी १९५९ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आहे. बंद नळ्या काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. ती साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा चांगली असते, पुढे दिवसागणिक कमी होते. आमच्या नातीची झाली शहात्तराव्या दिवशी. ती आता तीन वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते, पण यकृत कडक झालेलं आहे. पुढेमागे तिच्या आईच्या यकृताचा तुकडा तिला लावावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

लहान मुलांच्या पोटाचे आणि यकृताचे डॉक्टर वेगळे असतात, हे मला मुंबईत कळलं. बालरोगात एमडी झाल्यावर ते पुढे आणखी तीन वर्षं याच विषयात शिकतात. त्यांच्या दाराशी बाकावर बसलं की कोकण भेटतं. गुहागरच्या एका मुलाचं पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. दोन वर्षं जंताची औषधं झाल्यावर निदान झालं की त्याला गहू सोसत नाही. सीलिअॅक म्हणतात त्याला. त्याच्या आईला डॉक्टर म्हणाले, घरची पेज, तांदळाची भाकरी, घावणे, नाचणी, सगळं चालेल. बिस्किटं आणि चपाती बंद. ती बाई तिथेच रडली. औषध तिच्या चुलीवरच होतं, सांगायला कुणी नव्हतं.

आम्हाला दर दोन महिन्यांनी जावं लागतं. रक्त देणं, वजन, पोट चाचपणं, दहा मिनिटांचं बोलणं. त्यासाठी दोन रात्रींचा प्रवास, मुलाची बुडालेली मजुरी आणि परळला नातेवाइकांच्या खोलीत पथारी. नातेवाईक आहेत म्हणून निभतं. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्याला बांबोळीला धावतात. शस्त्रक्रिया मुंबईतच व्हावी, याबद्दल माझी तक्रार नाही. एवढं कसब तालुक्याला मिळणार नाही, हे मला समजतं. पण रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे महिन्यातून एक दिवस मुंबईहून असा तज्ज्ञ आला, आणि मधल्या दिवसांत तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलून मुलं तपासली, तर आमच्यासारख्यांच्या निम्म्या खेपा वाचतील. गुहागरच्या मुलासारखी मुलं दोन वर्षं लवकर सापडतील.

दुसरं मागणं याहून स्वस्त आहे. बाळ घरी आलं की आशाताई ठरलेल्या दिवशी येतात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. म्हणजे साठ दिवसांच्या आत सहा वेळा प्रशिक्षित माणूस घरात येतं. चौदाव्या दिवसापासून त्यांनी डोळे बघावेत आणि शी बघावी. डायपर असेल तर उघडून बघावं. पांढरट, राखाडी किंवा फिकी दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवावं. कावीळ चौदा दिवसांनंतरही राहिली तर शी कशीही असो, तपासणी व्हावीच. आणि ती नुसती एकूण बिलिरुबिनची, म्हणजे कावीळ आणणाऱ्या रक्तातल्या पिवळ्या द्रव्याची नको, त्यातल्या ‘डायरेक्ट’ भागाचा आकडा वेगळा हवा, कारण पित्त अडल्याचं त्यावरून कळतं. तैवानने २००४ पासून देशभर प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांची चित्रं असलेलं कार्ड दिलं आणि तिथे मुलं वेळेत शस्त्रक्रियेला पोहोचू लागली. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर लसींचा तक्ता असतो, वजनाची रेघ असते. त्यात ही रंगीत चित्रं छापायला एक पान पुरेल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने हे मनावर घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

तोवर मी दुकानातून रंगीत चित्रं छापून आणली आणि आमच्या आशाताईंना दिली. त्यांनी ती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहेत. वाडीत गेल्या महिन्यात दोन बाळं जन्मली. चौदाव्या दिवशी त्या दोन्ही घरी जाऊन आल्या आणि परतताना मला हाक मारून सांगून गेल्या, दोघांची पिवळी आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. राजापूर, जि. रत्नागिरी