काळ्या किल्ल्याभोवती थोडी जागा सोडा

मा. संपादक,

धारावीच्या पुनर्विकासाच्या बातम्या रोज वाचतोय, घर किती फुटांचं, पात्र कोण अपात्र कोण, ते महत्त्वाचंच आहे, पण तिथल्याच काळ्या किल्ल्याबद्दल एक ओळ मला तरी कुठे दिसली नाही म्हणून हे पत्र. बसच्या पाटीवर हे नाव आपण वाचतो, पण किल्ला कुठाय विचारा, स्टॉपवरच्या चार जणांपैकी एकालाही सांगता येत नाही. बस डेपोला लागूनच आहे तो, मिठी नदीच्या काठी. रिवा किल्ला पण म्हणतात. किल्ला कसला, काळ्या दगडाचा टेहळणी बुरूजच.

मध्यंतरी मुलाला घेऊन गेलो होतो. कचऱ्यातून वाट काढावी लागली, दगडांच्या फटींत झाडं उगवलीयत. शेजारच्या वस्तीतल्या एका पोरानेच आम्हाला भिंतीतला इंग्रजी शिलालेख दाखवला, मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने बांधला, साल 1737. नेटवर बऱ्याच ठिकाणी जेराल्ड ऑंजियरने बांधला असं लिहिलंय, पण तो 1669 ते 1677 गव्हर्नर होता, म्हणजे साठ वर्षं आधी. मला दगडावरचं खरं वाटतं.

आणि ते साल बघा ना! तेव्हा मुंबई बेट इंग्रजांचं आणि खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची. 1737 च्या मार्चमध्ये मराठे साष्टीत उतरले, ठाणं घेतलं, चिमाजीअप्पांची मोहीम सुरू झाली ती थेट मे 1739 मध्ये वसई घेऊनच थांबली. म्हणजे आज जिथे बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या बिल्डिंगा दिसतात तो काठ मराठ्यांकडे जायला लागला आणि त्याच वर्षी इकडच्या काठावर हा बुरूज. मुलगा म्हणाला, बाबा, आपल्याला घाबरून बांधला का? म्हटलं, साल तरी तेच सांगतंय. घरी येईपर्यंत तो दुसरं काही बोललाच नाही.

आता सगळा नवीन आराखडा होतोयच तर बुरुजाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, मिठीच्या बाजूने पायवाट काढा, मराठीत एक नीट पाटी लावा. तिथे लागून राहणाऱ्यांना घर तिथेच जवळ मिळू दे, आजवर त्यांनीच त्याची ओळख ठेवलीय. फटी सिमेंटने लिंपू नका, चुनाच वापरा. आणि झाडं वरवर छाटून चालत नाही हो, मुळं आत वाढतच राहतात आणि दगड सुटतात, ती जाणकारांकडून काढून घ्यावी लागतील. निदान तेवढं तरी या पावसाळ्याआधी व्हावं.

आपला,
एक वाचक, सायन