आपल्या स्टँडवरच्या भावाच्या घरासाठी आवाहन : पैसे हवेतच, पण कागदं हलवणारी माणसं जास्त हवीत

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकरोड स्टेशनबाहेर टॅक्सी लावणारे ड्रायव्हर. आपल्या स्टँडवरच्या एका भावाचा शिर्डीचं भाडं नेताना सिन्नरच्या पुढे खून झाला, हे एव्हाना बहुतेकांच्या कानावर आलंच असेल. नाव आणि फोटो टाकत नाहीये, घरच्यांनीच नको म्हणून सांगितलंय. आणि तो रस्त्याकडेचा व्हिडिओ ज्यांच्या मोबाईलमध्ये असेल त्यांनी हात जोडून विनंती, डिलीट करा, त्याची पोरगी बारावीला आहे आणि तिला तो तिच्याच क्लासमधल्या कुणीतरी पाठवला.

झालं असं की रात्रीची गाडी लेट आली, दोघं उतरले, काकड आरतीला पोचायचंय म्हणाले. लाईनीत नंबर त्याचाच होता. आपल्याकडे रोज रात्री अशी दोन-चार भाडी निघतात, त्यात संशय येण्यासारखं काय होतं? गाडीचा फास्टॅग काढला तेव्हा त्याचा फोन रिपेअरला होता म्हणून वहिनींचा नंबर दिलेला, त्यामुळे टोलचे मेसेज त्यांनाच यायचे, आणि वर्षानुवर्षाची सवय अशी की शिंदे टोलचा मेसेज आला की गाडी शिर्डीच्या लाईनीला लागली असं समजून त्या झोपायच्या. त्या रात्री पण १ वाजून १२ मिनिटांनी मेसेज आला आणि त्या झोपल्या. परतीचा मेसेज आलाच नाही. सकाळी फोन आला तो पोलिसांचा. गाडी थोडी पुढे सोडून दिलेली सापडली. गेलं काय, तर एक वापरलेला मोबाईल, बोटातली अंगठी आणि खिशातले चार-साडेचार हजार.

पोलिसांचा तपास चालू आहे, त्यावर आम्ही काही बोलणार नाही. कोण होते, कुठल्या गावचे, कुठल्या समाजाचे असले फॉरवर्ड आमच्या नावानं फिरवू नका. त्या रात्री स्टेशनच्या चहाच्या गाड्यावर किंवा सिन्नरच्या ढाब्यावर ज्यांनी काही बघितलंय त्यांनी थेट पोलिसांना सांगा, आम्हाला सांगून उपयोग नाही.

आता "रात्रीचा गेलाच कशाला", "अॅप बंद करून ऑफलाइन भाडं घेतलं तर असंच होणार" म्हणणाऱ्यांसाठी. भाऊ, अॅपवर लांबचं भाडं मारलं तर कमिशन कापून इंधन आणि परतीची रिकामी गाडी जाऊन हातात काय उरतं ते एकदा शेजारी बसून बघा. त्यानं २०२७ च्या कुंभमेळ्यावर भरवसा ठेवून नवीन डिझायर काढली होती, आपल्यातल्या निम्म्यांनी तसंच केलंय, १४,३०० चा हप्ता आणि दर महिन्याची ५ तारीख. नियमानं २०१९ पासून नव्या टॅक्सीत जीपीएस आणि पॅनिक बटण असतं, पण ती बटणं कोणासाठी आणि कुठे बसवलीत ते आपापल्या गाडीत बघा, मागून कुणी गळ्याला पट्टा लावला तर ड्रायव्हरचा हात तिथे पोचतो का ते पण करून बघा.

असो. मुद्द्याचं बोलतो.

रामकुंडावर दशक्रिया झाली त्याच दिवशी तिथेच घाटावर बसून आम्ही ठरवलं की स्टँडवरच्या प्रत्येकानं एका दिवसाची कमाई द्यायची. आत्तापर्यंत ७४ जणांचे मिळून १,१८,४०० रुपये झालेत, त्यात दोन रिक्षावाले आणि एक हमाल दादा पण आहेत ज्यांना कुणी मागितलं पण नव्हतं. यातून पहिले तीन हप्ते आणि पोरीची क्लासची फी निघते. धाकटा सातवीत आहे, म्हातारी आई आहे, वहिनी घरी शिलाईकाम करतात, त्यावर चार जणांचं घर चालणार नाही हे सांगायला नको.

पण नुसत्या वर्गणीनं हे घर उभं राहणार नाही, ते पुरून पुरून किती दिवस पुरणार. खरा पैसा कागदात अडकलाय आणि तिथे आम्ही कमी पडतोय. गाडी त्याच्याच नावावर होती, म्हणजे पॉलिसीत मालक-ड्रायव्हरचं अपघाती कव्हर घेतलेलं असेल तर १५ लाखांचा क्लेम बसतो. आता कंपनीवाले म्हणू शकतात की हा खून आहे, अपघात नाही. तर २००० साली सुप्रीम कोर्टानं नागालँडमधल्या दिमापूरच्या एका रिक्षा ड्रायव्हरच्या केसमध्ये सांगितलंय की मारायचाच हेतू असेल तर तो निव्वळ खून, पण रिक्षा चोरायला आले आणि त्या झटापटीत ड्रायव्हर मेला तर तो अपघाती मृत्यू धरायचा. ती केस नुकसानभरपाईची होती, आपली पॉलिसीची आहे, तरी मुद्दा तोच. म्हणून एफआयआरमध्ये खुनाच्या कलमासोबत जबरी चोरीचं कलम आहे ना, ते आम्ही पहिल्याच दिवशी बघून घेतलं. आहे. पण कंपनीपुढे हे मांडायला आम्ही लोकं चालणार नाही, मोटार क्लेमचं काम करणारा वकील हवाय जो फी न घेता किंवा क्लेम मिळाल्यावर वाजवी फी घेऊन उभा राहील. टक्केवारीवाले एजंट घरी येऊन गेलेत, वहिनींनी कुठेही सही केलेली नाही, करणार पण नाहीत.

दुसरं, बँकेचं पासबुक. त्यात मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापल्याची एंट्री सापडली. कुणाच्या लक्षातच नव्हतं, वहिनींना वाटलं बँकेचा काहीतरी चार्ज असेल. तो प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा हप्ता होता, त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात आणि खून पण त्यात धरतात. फॉर्म भरलाय, पोस्टमॉर्टेम रिपोर्टची वाट बघतोय. तुम्ही पण आज घरी जाऊन आपापलं पासबुक बघा, २० रुपयांसाठी राहून गेलेलं असेल तर चालू करून घ्या.

तिसरं म्हणजे गाडी. ती मुद्देमाल म्हणून पोलिस स्टेशनच्या आवारात धूळ खात उभी आहे, आणि हप्ता मात्र चालूच. कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा गाडी हजर करू असं लिहून देऊन, सोडवता येते, २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात पण आहे की गाड्या अशा विनाकारण उभ्या ठेवू नका. अर्ज लिहून द्यायला तोच किंवा दुसरा वकील मिळाला तर बरं. सुटली की आपल्यातलाच एक जण भाड्यानं चालवून हप्ता भरेल असं ठरलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित कुटुंबाच्या भरपाईचा अर्ज पण द्यायचाय, त्याची पद्धत माहिती असणाऱ्या कुणीतरी एक दुपार सोबत यावं, एवढंच.

पैसे देणाऱ्यांसाठी. अकाउंट नंबर किंवा क्यूआर इथे मुद्दाम टाकत नाही, कारण आपल्या भावाच्या नावानं एक खोटा क्यूआर दोन दिवसांपासून फिरतोय (हे पण लोक करतात राव, मेलेल्या माणसाच्या नावावर). स्टँडवर या, वहीत नाव लिहा, पावती घ्या, नाहीतर वहिनींच्या खात्यात थेट टाकायचं असेल तर पासबुकचं पहिलं पान स्टँडवर दाखवू, त्यावरून टाका. ५० रुपये दिले तरी नाव लिहिलं जाईल. किराणा आणू नका, सध्या घरात तांदळाची चार पोती झालीत.

रविवारी सकाळी ११ वाजता स्टँडवर सगळा हिशेब वाचून दाखवणार आहोत, वकील साहेब कुणी येणार असतील तर तेव्हाच आले तर वहिनींचा भाऊ पण भेटेल, एफआयआरची कॉपी त्याच्याकडे आहे. गाडी घेऊन येणाऱ्यांनी लाईनीत लावा, रिक्षावाल्यांची वाट अडवू नका.