बाबा, तिचे पाय नीट बघा

न्यूयॉर्क

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

दादाच्या फोनवर एक चित्र पाठवलंय. टीव्हीला जोडून मोठं करून बघा. आई, आधीच सांगते, त्यातली बाई विवस्त्र आहे, पण पाठमोरी आहे. आणि बाबांना मला दाखवायचंय ते तिच्या पायांचं काम.

चित्र झाँ-लिओन जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं, १८९० च्या सुमाराचं. इथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. एवढं नावाजलेलं चित्र म्हणजे भिंतभर असेल असं वाटतं, पण ते तीन फुटांच्या आतच उंच आणि सव्वादोन फूट रुंद आहे. गोष्ट रोमन कवी ओव्हिडने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलेली. सायप्रस बेटावरचा पिग्मॅलियन हस्तिदंताची एक स्त्री घडवतो आणि तिच्यातच जीव गुंतवून बसतो. तिला दागिने घालतो, शिंपले आणि फुलं आणून देतो. प्रेमाची देवी व्हीनस हिच्या उत्सवात तो वेदीपुढे उभा राहतो, पण मनातलं मागायला त्याची जीभ रेटत नाही. ‘माझ्या मूर्तीसारखी बायको दे’ एवढंच म्हणतो. देवी काय ते समजते. घरी येऊन हात लावतो तर मूर्ती कोमट! त्याचा विश्वास बसत नाही, पुन्हा पुन्हा चाचपून बघतो. उन्हात ठेवलेल्या मेणासारखी ती बोटांखाली मऊ होत जाते आणि शेवटी अंगठ्याला नाडी लागते.

जेरोमने हस्तिदंताऐवजी संगमरवर घेतला आणि नेमका तोच क्षण धरला. ती चौथऱ्यावरून खाली वाकलीय, तो खालून तिला कवटाळतोय. मागे हवेत तिरंदाज क्युपिड, म्हणजे त्यांचा मदन, आहे, फळीवर आ वासलेले मुखवटे आहेत. तो क्युपिड नसता तरी चाललं असतं असं मला वाटतं, कारण सगळी गोष्ट तिच्या अंगावरच लिहिलेली आहे. पावलं अजून दगडाला चिकटलेली आहेत, पोटऱ्या पांढऱ्याफटक. गुडघ्यांच्या वर कुठेतरी गुलाबी छटा सुरू होते आणि कंबरेशी येईपर्यंत ती हाडामांसाची बाई झालेली असते. पांढरा नेमका कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. ब्रशचा एक फटका दिसत नाही. त्या काळच्या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत असंच घोटून घ्यायचे. आधी रेखाटन पक्कं, मग पातळ थरांवर थर. जेरोम तिथे १८६४ पासून प्राध्यापक होता. म्हातारपणी तो इम्प्रेशनिस्ट मंडळींवर, म्हणजे ब्रशचे फटके मोकळे दिसू देणाऱ्या त्या काळच्या नव्या चित्रकारांवर, फार तुटून पडायचा, ते मला पटत नाही. पण हात पाहिला की मान आपोआप खाली जाते.

बाबा, गणपतीच्या मूर्तीला पांढऱ्या रंगाचा हात दिल्यावर त्यावर अंगाचा रंग कसा चढवायचा, गालाला आणि सोंडेला शेडिंग कुठे सोडायचं, हे तुम्ही आयुष्यभर केलंत. म्हणून हे चित्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मी नुसती बघत उभी राहिले.

आणि एक गोष्ट तुमच्यामुळेच माझ्या ध्यानात आली. तिचे डोळे दिसतच नाहीत! आपल्या कारखान्यात अंग रंगवून झालं, सोवळं, शेला, मुकुट सगळं झालं, तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती नुसती माती. आखणीच्या दिवशी तुम्ही कोणाशी बोलायचा नाहीत. आई, तू दारातून बघून म्हणायचीस, ‘डावी नजर खाली गेली,’ आणि बाबा काही न बोलता पुसून पुन्हा आखायचे. तुमच्यासाठी जीव डोळ्यांतून आत जातो. जेरोमने तो पाठीतून, कंबरेतून, कातडीतून आणला. हाच प्रसंग त्याने इतर बाजूंनीही रंगवला, संगमरवरातही घडवला, पण मला हाच पाठमोरा आवडतो. डोळ्यांची मदत न घेता जीव दाखवणं किती अवघड असेल!

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. जेरोमने पहिलं शिल्प लोकांपुढे मांडलं ते १८७८ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी. नाव, पैसा, पदकं सगळं चित्रकलेत मिळून गेलं होतं. तरी तो मातीकडे वळला. पुढे संगमरवराला रंगही द्यायला लागला, कारण जुन्या ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असायच्या. १८९० मध्येच त्याने स्वतःचं एक चित्र काढलं. केस पिकलेले, अंगात कामाचे कपडे, समोर घडवत असलेली बाईची मूर्ती, शेजारी तिच्यासाठी बसलेली खरीखुरी बाई, आणि मागे पिग्मॅलियनचंच एक चित्र. सहासष्टाव्या वर्षी.

दादा म्हणाला, हात थरथरायला लागल्यापासून तुम्ही कारखान्यात पाऊल टाकत नाही. ‘आता माझं काम संपलं’ म्हणता. बाबा, मला हे मान्य नाही. आखणी दादा करेल, त्याचा हात चांगला आहे. पण नजर कुठे पडायला हवी हे त्याला अजून उमगत नाही, हे त्याने स्वतःच मला सांगितलं, तुम्हाला सांगायला धजत नाही. आईने इतकी वर्षं ब्रश न धरता तुमची आखणी सुधारली. तुम्ही त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसा. आई, तूही बस. अमेरिकेच्या ऑर्डरी निघून गेल्यात, सध्या घाई नाही. पावसाळा लागला की बोलायलाही फुरसत मिळणार नाही, म्हणून आत्ताच म्हणतेय.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्या. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवू नकोस, लाव.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. तोवर चित्र बघून ठेवा. पांढऱ्यावरून गुलाबीवर तो कसा गेला असेल? आधी सगळी पांढरी करून वरून रंग चढवला असेल, की दोन्ही रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळले असतील? मला काही केल्या कळलं नाही.

तुमची,
सुमा