अर्धाच प्रश्न घेऊन जा

बार्शी,
18 मे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस की तुमच्या लायब्ररीत दर बुधवारी दुपारी ड्रॉप-इन असतं. अपॉइंटमेंट नको, नाव नोंदवणं नको, ज्याला अडलं त्यानं जाऊन बसायचं. आणि लगेच म्हणालीस, ‘पण आई, माझ्या एम. ए.च्या प्रबंधाचं अजून नीट ठरलेलंच नाही. त्यांना विचारू काय?’ तेवढ्यात आजीला तुझ्याशी बोलायचं होतं, आणि आपलं बोलणं तिथंच राहिलं. रात्री ते डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी लिहायला बसले. मी नोकरीभर लायब्ररीच्या टेबलाच्या अलीकडे बसत आले आहे. पलीकडून येणाऱ्याला या बाजूचं फारसं माहीत नसतं, ते तुला सांगायचं आहे.

विषय पक्का झाल्यावर तिथं जायचं नसतं. तो पक्का होत नाही म्हणूनच जायचं.

तुझी ही भीड कुठून आली ते मला ठाऊक आहे. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत लायब्ररी म्हणजे अजूनही जाळीची खिडकी. कॅटलॉग बघा, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखक आणि दाखल क्रमांक लिहा, बी. टी. कार्ड, म्हणजे पुस्तक घरी न्यायचं कार्ड, आत सरकवा आणि परिचर पुस्तक घेऊन येईपर्यंत उभे राहा. ज्याला पुस्तकाचं नाव माहीत आहे त्याचंच काम होतं. नाव माहीत नसलेला मुलगा खिडकीशी जरा घुटमळतो आणि मागचे ओरडायला लागले की निघून जातो. एवढी वर्षं हे पाहिलेलं पोर लंडनला गेलं तरी लायब्ररीयनसमोर रिकाम्या हातानं जायला बिचकणारच. त्यात तुझा काही दोष नाही. पण आता ती खिडकी तुझ्यासमोर नाही, एवढं मनात धर.

टेबलाच्या या बाजूला काय घडतं ते सांगते. आमच्याकडे जुलैत प्रथम वर्षाच्या मुलांना सभागृहात बसवून लायब्ररीची माहिती देतात. तासभर मी बोलते, मुलं ऐकतात, आणि दिवाळीनंतर प्रोजेक्ट करायची वेळ येते तेव्हा त्यातलं एक अक्षर कुणाला आठवत नाही. आठवणार तरी कसं? तेव्हा त्यांना गरजच नव्हती. म्हणून मी शनिवारी वाचनकक्षातच एक टेबल मांडून बसायला लागले. मध्यंतरी बी. ए.चा एक मुलगा आला. म्हणाला, ‘मॅडम, दुष्काळावर पुस्तक आहे का?’ खिडकीवर असता तर त्याला एक जाडजूड पुस्तक मिळालं असतं आणि तो ते घेऊन गेला असता. मी विचारलं, कशासाठी हवंय? प्रोजेक्टसाठी. प्रोजेक्ट कशावर? आमच्या गावावर. गावाचं काय दाखवायचंय? तेव्हा कुठं तो म्हणाला, ‘विहिरींना पाणी कमी झालं की पाऊसच कमी झाला, ते बघायचंय.’ त्याला पुस्तक नकोच होतं, तालुक्याच्या पावसाचे वर्षावर्षांचे आकडे हवे होते. ते ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’त असतात. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा तो अंक आमच्या कपाटात होताच, पण त्याला कधी कुणी हात लावत नव्हतं.

माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं, त्यात बहुतेक वेळा अंतर असतं. ते अंतर उलट प्रश्न विचारून कमी करणं हाच आमच्या कामाचा गाभा आहे. चांगल्या लायब्ररीयनला पूर्ण ठरलेला प्रश्न घेऊन येणाऱ्यापेक्षा अर्धवट प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी जास्त आवडतो, कारण तिथं त्याच्या हाताला खरं काम मिळतं. तुझ्यामुळं त्यांचा वेळ जाईल असं तुला वाटतं. अगं, ती दुपार त्यांनी तुझ्यासारख्यांसाठीच मोकळी ठेवलेली असते. कुणी आलं नाही तरच ती वाया जाते.

तू रोज लंडनच्या ज्या ब्लूम्सबरी भागातून चालत जातेस तिथं शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचा एक माणूस हेच शिकून गेला. शियाळी रामामृत रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि त्या सुन्या लायब्ररीत जीव रमेना म्हणून परत शिकवायला जायला निघाले होते. त्यांना लंडनला पाठवलं गेलं. युनिव्हर्सिटी कॉलेजात ते ग्रंथालयशास्त्र शिकले, इंग्लंडमधल्या लायब्रऱ्या हिंडून पाहिल्या, आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं साध्या कामगारालाही कशी मदत करतात ते पाहून त्यांचं मन फिरलं. 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. आम्ही ती पाठ करून परीक्षा दिली, पण चौथ्या सूत्राचा अर्थ मला टेबलावर बसल्यावरच कळला: वाचकाचा वेळ वाचवा. वेळ वाचकाचा. लायब्ररीयनचा नव्हे. पुस्तकांची कपाटं वाचकाला खुली असावीत आणि त्याला मदत करायला माणूस जवळ असावा, यासाठी ते जन्मभर भांडले. मद्रासला त्यांनी ते करूनही दाखवलं. तू त्या ड्रॉप-इनला जाशील तेव्हा परक्याच्या दारात उभी आहेस असं समजू नकोस. या विचाराला आकार देण्यात आपल्या माणसाचाही हात आहे.

आता तुझ्या विषयाकडे येते. 1876 ते 78चा दुष्काळ आणि त्यातली दुष्काळी कामं. हिंदुस्थान सरकारनं दुष्काळी भागांत पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं 1877च्या सुरुवातीला मजुरी कापली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि काम खडी फोडायचं. आपल्याच भागातली माणसं ती कामं सोडून निघाली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. हे तुला माहीत आहे. अडतंय ते असं की ‘काम सोडून गेलेल्या माणसांबद्दल’ काही सापडत नाही, सापडतं ते सगळं सरकारबद्दल. हाच तुझा अर्धा प्रश्न आहे. याच शब्दांत तो तिथं सांग. सुधारून, इंग्रजीत सजवून सांगू नकोस.

मी असते तर तुला आधी विचारलं असतं की शोधताना तू कुठले शब्द टाकलेस. आजच्या स्पेलिंगनं सोलापूर टाकलंस तर त्या काळच्या दप्तरातलं निम्मं हाती लागणार नाही. तिथं शोलापूर आहे, पूना आहे, नगरचीही स्पेलिंगं वेगवेगळी आहेत. ‘संप’ हा शब्द टाकलास तर अधिकारी तो प्रत्येक वेळी वापरतच असतील असं नाही. त्यांच्या लेखी माणसं ‘काम नाकारतात’, ‘निघून जातात’. ते ज्या शब्दांत तक्रार लिहीत होते त्या शब्दांनी शोधावं लागतं. मग तारखेची मर्यादा घालायची. मग कॅटलॉगमधलं एखादं चांगलं पुस्तक उघडून त्याला कुठलं विषयशीर्षक दिलंय ते बघायचं आणि त्या शीर्षकावरून त्याची भावंडं काढायची. हे सगळं शेजारी बसून दाखवलं तर फार वेळ लागत नाही. एकटीनं चाचपडत शिकायचं तर उन्हाळा संपेल. एक कर, कीबोर्ड तुझ्याच हातात ठेव. चांगला लायब्ररीयन स्वतःहून तो तुझ्याकडे देईल. ते भराभर टाइप करायला लागले तर म्हण की मला करू द्या, तुम्ही सांगा. हातानं केलेलं राहतं.

तुझी खरी खाण ब्रिटिश लायब्ररीत आहे, सेंट पँक्रसला, तुझ्या कॉलेजापासून चालत जाण्यासारखी. ईस्ट इंडिया कंपनीचं आणि इंडिया ऑफिसचं सगळं दप्तर तिथं आहे. पण तिथं थेट जाऊन बसता येत नाही. आधी रीडर पास काढावा लागतो, त्याला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि फाइल आधी मागवून ठेवावी लागते. शिवाय ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला, कॅटलॉगसुद्धा बंद पडला, आणि सेवा एकेक करून परत सुरू कराव्या लागल्या. म्हणून जुन्या पुस्तकांत ‘अमुक फाइल अशी मागवा’ असं लिहिलेलं असेल त्यावर विसंबून जाऊ नकोस. आज काय मिळतं, कसं मिळतं, हे तिथल्या कामाची रोज माहिती असणारा माणूसच सांगेल. ड्रॉप-इनमध्ये हे नक्की विचार.

मराठी छापील पुस्तकांसाठी एक जुनी वाट आहे, ती मात्र मी सांगते. 1867च्या कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करणं बंधनकारक झालं, आणि त्या नोंदींच्या तिमाही याद्या निघू लागल्या. म्हणजे दुष्काळाच्या त्या दोन-तीन वर्षांत मुंबई इलाख्यात मराठीत काय काय छापलं जात होतं, पोवाडे असोत, चोपड्या असोत, हे यादीवरून चाळता येतं. ब्रिटिश म्युझियमच्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्टनं केलेली सूचीही आहे, 1892ची. सरकारी कागदांत ज्यांचा आवाज नाही त्यांच्याबद्दल त्यांच्याच भाषेत कुणी काही छापलं होतं का, हे बघायला तुझ्यासारखं मराठी येणारं माणूस तुझ्या वर्गात दुसरं नसेल. तो तुझा फायदा आहे. सोॲसची, म्हणजे आशिया-आफ्रिकेचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या कॉलेजाची, लायब्ररीही जवळच आहे. स्कोनल ॲक्सेस म्हणून एक सोय आहे, तिच्यात असलेल्या विद्यापीठांचे विद्यार्थी एकमेकांच्या लायब्रऱ्या वापरू शकतात. तुझ्यासारख्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांना त्यात नुसतं बसता येतं की पुस्तकं घरीही नेता येतात, हे विद्यापीठागणिक वेगळं असतं. तेही विचार. जे कुठंच मिळणार नाही त्यासाठी इंटर-लायब्ररी लोन, म्हणजे आपल्या लायब्ररीमार्फत दुसऱ्या लायब्ररीतून मागवणं. ब्रिटिश लायब्ररीचं यॉर्कशरमधलं बोस्टन स्पा हे त्याचं मोठं केंद्र आहे.

संदर्भांबद्दल मला काळजी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. हल्ली मुलं चॅटबॉटला विचारतात की या विषयावरचे लेख सांग, आणि तो लेखक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठं असं सगळं व्यवस्थित देतो. त्यातले काही लेख कधी लिहिलेच गेलेले नसतात. आमच्याकडे एम. फिल. झालेले मास्तरसुद्धा अशी यादी घेऊन आले आहेत, आणि नसलेला लेख शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली आहे. इतिहासात तर हे चालणारच नाही. तू ज्याचा हवाला देशील तो कागद तू डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. झोटेरो हे संदर्भ जमवून ठेवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते लावून घे आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट त्यात टाक. बसवायला जमलं नाही तर तेही ड्रॉप-इनमध्ये करून देतात. ही फार साधी गोष्ट आहे म्हणून विचारायला लाजू नकोस.

आणि ऑगस्टची वाट बघू नकोस. शेवटच्या आठवड्यात ते टेबल गच्च भरतं, इथंही आणि तिथंही. तेव्हा प्रत्येकाला फक्त तळटिपा नीट करून हव्या असतात आणि बसून विचार करायला कुणालाच वेळ नसतो. आता मे आहे. आता लायब्ररीयन मोकळे असतील. तिथं त्यांना नुसत्या नावानं हाक मारतात, ते तुला जड जातं असं तू एकदा म्हणाली होतीस. मार गं, त्यांच्याकडे तीच रीत आहे. आदर तुझ्या बोलण्यात आहेच.

बाबांनी कर्जाच्या कागदांवर सही केली तेव्हा फी किती, घरभाडं किती, एवढाच हिशेब आम्ही केला होता. पण त्या फीमध्ये ही माणसंही आली. ज्यांना वर्षानुवर्षं असे कागद कुठं सापडतात हे ठाऊक आहे, ती तुझ्यासाठी दर आठवड्याला दार उघडं ठेवून बसतात. आमच्या कॉलेजातली हुशार पोरं एन-लिस्टवर, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकांच्या सरकारी सोयीवर, जे मिळेल तेवढ्यावर भागवतात आणि तरी जिद्दीनं लिहितात. त्यांच्यातल्या कुणाला तुझ्याजागी एक दुपार मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात येतोच. तुला ओझं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुला जे मिळालंय ते पूर्ण वापर, एवढंच मागणं आहे.

बुधवारी जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून ने: तुला काय दाखवायचं आहे, आजवर कुठं आणि कुठल्या शब्दांनी शोधलंस, आणि कुठं अडलं. परतल्यावर त्याच कागदाच्या मागं त्यांनी काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहून ठेव. संध्याकाळी मला त्याचा फोटो पाठव. मी इथून 1884चं सोलापूर गॅझेटियर काढून ठेवलं आहे. त्यातली दुष्काळाची पानं परवापर्यंत स्कॅन करून पाठवते, पृष्ठक्रमांकांसह.

आजीची तब्येत बरी आहे. गुडघ्याचं तेल बदललं, त्यानं आराम पडलाय. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई