अकॉर्डियन हाती घेणं हेच त्यांचं राजकारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जगभरातल्या निषेधगीतांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यात 'लॉस लोबोस' या लॉस एंजेलिसच्या बँडची बोळवण एका वाक्यात झाली आहे: 'ला बांबा' गाजवणारी मंडळी, गाण्यांत घोषणा फारशा नाहीत. घोषणा नाहीत हे खरंच. तेवढ्यावरून त्यांना निव्वळ करमणुकीच्या खात्यात टाकणं मात्र मला पटलं नाही. मी हौशी पेटीवादक. माझं लक्ष शब्दांआधी वाद्याकडे जातं. आणि या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, कलावंतांचं राजकारण त्यांनी कुठलं वाद्य हाती घेतलं यातच आहे. ते वाद्य म्हणजे अकॉर्डियन.

एकोणिसाव्या शतकात टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक लोक येऊन वसले. त्यांच्यामार्फत बटणांचं अकॉर्डियन आलं, पोल्का हा नाचाचा संगीतप्रकारही आला. तिथल्या मेक्सिकन शेतमजुरांनी ते वाद्य उचललं, जोडीला 'बाहो सेक्स्तो' हे बारा तारांचं, गिटारच्या कुळातलं वाद्य घेतलं आणि 'कोन्हुंतो' हा बाज उभा राहिला. 1930च्या दशकात नार्सिसो मार्तिनेस यांनी त्याला वळण लावलं. अकॉर्डियनला डाव्या हाताला खर्जाची बटणं असतात. मार्तिनेस यांनी ती जवळजवळ सोडूनच दिली. खर्ज आणि ठेका सान्तियागो आल्मेदा यांच्या बाहो सेक्स्तोवर सोपवला आणि स्वतः उजव्या हातानं मोकळेपणी वाजवू लागले. त्यातून उजव्या हाताच्या बटणांची गंमत अशी की तेच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा. आम्हा पेटीवाल्यांची बोटं तिथं पार गोंधळतील! 'कोन्हुंतोचे जनक' म्हणवले गेलेले मार्तिनेस पोटासाठी मात्र शेतात राबले, ट्रक चालवला आणि पुढे ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात नोकरी केली.

हे संगीत कष्टकऱ्यांचं, गुत्त्यातलं. त्यामुळे मेक्सिकन-अमेरिकनांमधल्याच सुखवस्तू घरांना ते गावंढळ वाटे. अकॉर्डियन कुणी वाजवायचं, याचं उत्तर जवळपास ठरलेलं होतं.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे लॉस लोबोसनं काय केलं ते कळतं. बँडमधले डेव्हिड हिदाल्गो आणि लुई पेरेझ यांची गाठ पडली ती ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये. याच शाळेतली मुलं 1968 साली निकृष्ट शिक्षणाच्या निषेधार्थ वर्ग सोडून रस्त्यावर उतरली होती. 1970च्या ऑगस्टमध्ये त्याच भागात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानो मोर्चा निघाला आणि त्या दिवशीच्या कारवाईत पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्यानं पत्रकार रुबेन सालाझार यांचा बळी घेतला. अशा वातावरणात वाढलेली, रॉक वाजवणारी ही मुलं 1973च्या सुमारास इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून आईबापांची गाणी शिकू लागली. ज्या संगीताची लाज वाटायला हवी असं भोवतालचं जग सांगत होतं, तेच त्यांनी घरातून बाहेर काढलं. लग्नाकार्यांत वाजवलं, आणि 1976 साली 'युनायटेड फार्म वर्कर्स' या शेतमजूर संघटनेच्या मदतीसाठी निघालेल्या 'सी से पुएदे' या तबकडीवर साथही केली. याला चळवळ म्हणायचं नाही तर कशाला?

हा रस्ता सोपा नव्हता. 1980 साली एका पंक बँडच्या कार्यक्रमाआधी ते आपली लोकगीतं घेऊन उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो उडवली, हाताला लागेल ते फेकून मारलं. चारच वर्षांनी 'आन्सेल्मा' या, हिदाल्गोंच्या अकॉर्डियनवर बेतलेल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. 1987 साली 'ला बांबा' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. (ते गाणं शेवटपर्यंत ऐका. रॉकचा दणका ओसरल्यावर मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या लोकसंगीताचा तुकडा येतो. बहुतेक जण त्याआधीच बंद करतात.) तेवढ्या यशानंतर दुसऱ्या कुणी तसलीच आणखी दहा गाणी काढून पैसा केला असता. यांनी पुढच्याच वर्षी अख्खी तबकडी पारंपरिक वाद्यांवरच्या स्पॅनिश गाण्यांची केली.

पेटी आणि अकॉर्डियन एकाच कुळातली. दोन्हींत धातूच्या पट्ट्या हवेनं कंप पावतात, दोन्ही मूळची युरोपातली. आपल्याकडे ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीवर बंदी घातली ती तीन दशकं टिकली; श्रुती आणि मींड तिला जमत नाहीत, शिवाय परकी, असा आक्षेप होता. टेक्सासच्या मजुरांनी वाद्य कुठून आलं हे विचारलंच नाही. मला हे त्यांचं शहाणपण वाटतं, अर्थात माझा पक्षपात गृहीत धरून.

हिदाल्गोंवर ज्यांची छाप आहे ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेस जुलै 2025 मध्ये गेले. त्यांच्या निधनाची बातमी आपल्या पानांवर माझ्या तरी पाहण्यात आली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत 'फ्रोंतेरा' हा मेक्सिकन-अमेरिकन ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. तो जपायला 'लॉस टिग्रेस देल नोर्ते' या अकॉर्डियनवाल्याच बँडच्या प्रतिष्ठाननं पैसा दिला. त्यातल्या पुष्कळ तबकड्यांचे तुकडे घरबसल्या ऐकता येतात. मार्तिनेस आणि हिमेनेस यांच्यावर पुरवणीत एखादा सविस्तर लेख आला तर वाचायला आवडेल.

आपला,
एक पेटीवादक वाचक, मिरज