छेद कोणता, ते आधी सांगा

महोदय,

श्रद्धा आणि घटस्फोट यांवर आपल्या पत्रांच्या पानावर चाललेला वाद वाचला. 'देव मानणाऱ्यांचे संसार टिकतात' हा एक पक्ष, 'नास्तिकच कमी घटस्फोट घेतात' हा दुसरा, आणि दोघांच्याही हाती अमेरिकी पाहण्यांची टक्केवारी. आकडे बहुतेक खरे आहेत. घोळ आहे तो छेदात, म्हणजे टक्केवारी एकूण कोणांतून काढली त्यात.

नास्तिकांच्या बाजूने हमखास पुढे येतो तो बार्ना या अमेरिकी पाहणी-संस्थेच्या 1999 च्या पाहणीचा निष्कर्ष. ही संस्था ख्रिस्ती वर्तुळातलीच, म्हणून तिचा आकडा अधिक बोचला. 'नव्याने जन्मलेले' म्हणवल्या जाणाऱ्या, म्हणजे येशूवर वैयक्तिक निष्ठा सांगणाऱ्या, ख्रिस्ती प्रौढांपैकी 27 टक्क्यांचा कधी ना कधी घटस्फोट झालेला होता. नास्तिक आणि अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही म्हणणारे) यांच्यापैकी 21 टक्क्यांचा. पण हे प्रमाण सर्व प्रौढांशी काढलेले होते. ज्याचे लग्नच झाले नाही तोही छेदात बसला, आणि त्याचा घटस्फोट होणार कसा? अमेरिकेतले नास्तिक सरासरीने तरुण, त्यांच्यात लग्नाशिवाय एकत्र राहणारेही जास्त. अशी जोडपी वेगळी झाली तर ते घटस्फोटाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

2008 मध्ये बार्नानेच छेद बदलला आणि ज्यांचे एकदा तरी लग्न झाले आहे तेवढेच मोजले. आता 'नव्याने जन्मलेल्यां'मध्ये 32 टक्के आणि नास्तिक-अज्ञेयवाद्यांत 30 टक्के निघाले. त्याच पाहणीत लग्न झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 84 आणि 65 टक्के होते. गुणाकार करून पाहा: 84 चे 32 टक्के म्हणजे सुमारे 27, आणि 65 चे 30 टक्के म्हणजे साडेएकोणीस. जुन्या छेदाने साडेसात टक्क्यांचा फरक, नव्या छेदाने दोनचा. आणि हे दोनही फार मनावर घ्यायचे कारण नाही. नास्तिकांचा गट अशा पाहण्यांत लहान असतो; तो अडीचशे माणसांचा धरला तर 30 टक्क्यांभोवतीची नमुना-त्रुटीच (सगळ्यांऐवजी मोजक्यांनाच विचारल्याने येणारी चूक) पावणेसहा टक्के इकडे किंवा तिकडे येते.

दुसरा घोळ 'धार्मिक' कोणाला म्हणायचे याचा. पाहणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या जातात: तुम्ही कोणत्या धर्माचे, तुमचा विश्वास कशावर, आणि तुम्ही प्रार्थनास्थळी किती वेळा जाता. उत्तरे एकमेकांशी जुळतातच असे नाही. बार्ना 'नव्याने जन्मलेले' ठरवते ते येशूवरील वैयक्तिक निष्ठा आणि मरणोत्तर स्वर्ग याविषयीच्या उत्तरांवरून. चर्चमधली हजेरी त्या व्याख्येत नाही. हजेरी मोजली की चित्र पालटते. अमेरिकी परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासात (तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला) आधी उपस्थिती नोंदवली आणि मग 14 वर्षे विवाहितांचा मागोवा घेतला. नियमित जाणाऱ्या स्त्रियांत घटस्फोटाचा धोका निम्मा आढळला. हा क्रम महत्त्वाचा, कारण एकाच दिवशी दोन्ही प्रश्न विचारले तर घटस्फोटानंतर चर्च सोडलेली बाई 'जात नाही, म्हणून मोडले' या खात्यात पडते. तरीही शंका उरतेच: घरात आधीच धुसफूस असलेले जोडपे रविवारी एकत्र बाहेर पडणे मोजणीच्या आधीच बंद करते.

याच्या उलट वाटणारा निष्कर्ष जेनिफर ग्लास आणि फिलिप लेवचॅक या समाजशास्त्रज्ञांचा, 2014 चा. अमेरिकेतल्या ज्या परगण्यांत (काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सनातनी प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांचे प्रमाण जास्त, तिथे घटस्फोटही जास्त. कारणे त्यांनी शोधली ती लवकर लग्न, लवकर मूल, अपुरे शिक्षण आणि तुटपुंजे उत्पन्न ही. त्या परगण्यांत राहणाऱ्या, त्या पंथाच्या नसलेल्यांवरही परिणाम दिसतो, कारण अवतीभवतीच्या रीतीचा दबाव सगळ्यांवरच असतो. हा निष्कर्ष प्रदेशाविषयी आहे. त्यावरून एखाद्या श्रद्धाळू कुटुंबाचे भाकीत करणे चूक.

आता हेच वाद भारताला लावणाऱ्यांसाठी. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने 2019-20 मध्ये देशभर सुमारे 30 हजार लोकांना विचारले, त्यात 97 टक्क्यांनी देव मानतो असे सांगितले. तुलनेला दुसरी बाजूच उरत नाही. देव न मानणारे ठळकपणे दिसले ते बौद्धांत, सुमारे एक तृतीयांश, आणि देशातले बहुतेक बौद्ध महाराष्ट्रातले. पण तो प्रश्न बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माचा आहे. त्याला पाश्चात्त्य अर्थाची नास्तिकता समजून आकडेमोड करू नये.

2011 च्या जनगणनेत घटस्फोटित सुमारे 13.6 लाख आणि विभक्त (घटस्फोट न घेता वेगळे राहणारे) सुमारे 35 लाख. त्याआधी 2001 मध्ये दोन्ही एकाच रकान्यात होते. नुसता घटस्फोट मोजणाऱ्याच्या हिशेबातून परित्यक्ता गळतात, तेही त्या संख्येने कितीतरी जास्त असताना. आणखी एक विचित्र गोष्ट: घटस्फोटित स्त्रिया पुरुषांच्या दुप्पट. प्रत्येक घटस्फोटात एक बाई आणि एक पुरुष, मग हे कसे? पुरुष पुन्हा लग्न करून 'विवाहित' रकान्यात परततो. म्हणजे हा रकाना घटस्फोटाइतकाच पुनर्विवाहही मोजतो. धर्मवार तक्ते घेऊन भांडणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

आणि धर्म हेच कारण म्हणायचे तर मिझोराम आणि नागालँड शेजारी ठेवा. दोन्हीकडे सुमारे 87-88 टक्के ख्रिस्ती. विवाहितांच्या तुलनेत घटस्फोटित मात्र त्याच 2011 च्या जनगणनेत मिझोराममध्ये 4.08 टक्के आणि नागालँडमध्ये 0.88. मिझो रूढीत काडीमोड देणे पूर्वापार सोपे. तिथे विवाह-घटस्फोटाचा कायदा झाला तो नंतर, 2014 मध्ये. कायद्याचेही तसेच: आयर्लंडमध्ये 1995 च्या सार्वमतापर्यंत घटस्फोटाला घटनेचीच बंदी होती, तेव्हा तिथला शून्याजवळचा आकडा भक्तीचा पुरावा नव्हता.

ज्यांना खरोखर तपासायचे आहे त्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची मूळ माहिती मागवावी.  त्यात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना लग्न एकदा झाले की अधिक वेळा, हे विचारलेले असते. लग्नाच्या वेळचे वय आणि शिक्षण सारखे धरून मगच धर्माचा रकाना उघडावा. श्रद्धेचा रकाना तिथे सापडणार नाही, तो विचारलेलाच नाही.

— संख्याशास्त्राचा एक अध्यापक, कोल्हापूर