कार्ड खिशात, नाव कुठे?

महोदय,

निवडणूक आली की 'मतदान करा' असे फलक चौकाचौकांत लागतात. 'यादीत नाव बघा' असा फलक क्वचितच दिसतो. आपल्याकडे मताच्या हक्काचा झगडा मुळात यादीत कोणाला घ्यायचे यावरूनच झाला. ब्रिटिश राजवटीतल्या १९३५च्या भारत सरकार कायद्यात मतदार होण्यासाठी मिळकत, कर, शिक्षण अशा अटी होत्या. १९३७च्या प्रांतिक निवडणुकांत मतदार होते तीन कोटींच्या आसपास. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे १९२८मध्येच प्रौढ मताधिकार मागितला होता. तो मिळाला राज्यघटनेच्या कलम ३२६ने.

पण घटनेतला हक्क यादीत उतरवणे सोपे नव्हते. पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणसे दारात आली, तेव्हा उत्तरेतल्या अनेक बायका स्वतःचे नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', एवढेच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या आणि सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाखांची नावे गळाली. निर्णय कडक होता, पण माझ्या मते बरोबरच. केंद्रावर 'अमक्याची आई' कोण, हे ठरवायचे कोणी?

आज नाव गळण्याची कारणे निराळी आहेत. मतदार ओळखपत्र फक्त ओळख पटवते. मत देता येते ते यादीत नाव असेल तरच. ऑनलाइन शोधताना आधी ओळखपत्राचा क्रमांक टाकावा. नावाने शोधायला गेले की 'ज्योत्स्ना'ची 'जोत्सना' झालेली असते आणि नावच नाही असे वाटते. घर बदलले किंवा लग्नानंतर पत्ता बदलला, तर नमुना ८ भरायचा. बरेच जण पुन्हा नमुना ६ भरतात. तो फक्त नव्या मतदारांसाठी आहे. मग एकाच माणसाची दोन ठिकाणी नोंद होते. तसे नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. १८ वर्षे पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारीसोबत १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरतात, त्यामुळे वर्षभर थांबावे लागत नाही.

अर्ज उमेदवारी दाखल करण्याच्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी पोहोचावा. त्यावर हरकती घ्यायला सात दिवस ठेवावे लागतात, आणि उमेदवारी दाखल करण्याची मुदत उलटली की त्या निवडणुकीपुरते नाव घालता येत नाही. आचारसंहिता लागल्यावर तहसील कचेरीत उडणारी झुंबड म्हणूनच बऱ्याचदा वाया जाते.

नाव आहे, पण आपल्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेले, तर निमूट परत फिरू नये. केंद्राध्यक्षांकडे ओळख पटवून 'प्रदत्त मतपत्रिका' मागावी. ती यंत्रावर नसते, कागदी असते. वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. तरी मागावीच. निकाल न्यायालयात गेला, तर ते पाकीट उघडता येते.

– एक मतदार